समजून घ्या : एक वीजवाहिनी बंद पडते आणि अख्खे शहर का थांबते?

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकल्या. करोनाचा काळ असल्याने रुग्णालयांतील अतिदक्षता विभाग भरलेले होते. घरून काम करणाऱ्यांचे वायफाय गेले आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत वीज दोन-तीन तासांत परतली, काही उपनगरांत मात्र रात्र झाली.

एवढ्या मोठ्या शहराची वीज जाण्यासाठी बिघाडही तेवढाच मोठा असायला हवा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सुरुवात बऱ्याचदा एखादी वाहिनी, एखादा रिले किंवा सॉफ्टवेअरची एखादी फाइल यापासून होते. छोटा बिघाड एका यंत्रणेतून दुसरीत कसा पसरतो, एकमेकांवर अवलंबून असलेल्या यंत्रणा एकदम का कोसळतात आणि यावर उपाय काय, हे समजून घेऊया.

मुंबईत त्या दिवशी काय झाले?

मुंबईला लागणारी सगळी वीज मुंबईत तयार होत नाही. ट्रॉम्बे आणि डहाणू येथील प्रकल्पांतून काही वीज मिळते, बाकीची राज्याच्या इतर भागांतून उच्चदाब पारेषण वाहिन्यांमार्फत कळवा, पडघा, खारघर अशा केंद्रांतून शहरात येते. म्हणजे लाखो घरांचा पुरवठा मोजक्या ‘दारां’तून होतो.

तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी दिलेल्या माहितीनुसार, महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा यंत्रणेत एका सर्किटच्या देखभाल-दुरुस्तीचे काम सुरू होते. त्यामुळे भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यातच तांत्रिक बिघाड झाला. एक दार दुरुस्तीसाठी बंद, दुसऱ्यावर दुप्पट गर्दी आणि नेमके तेच अडकले. उरलेल्या मार्गांना हा भार पेलवला नाही.

अशा प्रसंगासाठी मुंबईकडे १९८०च्या दशकापासून ‘आयलँडिंग’ची व्यवस्था आहे. राज्याच्या ग्रीडमध्ये गडबड झाली की मुंबईने स्वतःला ग्रीडपासून तोडून घ्यायचे, काही भागांचा पुरवठा बंद करायचा आणि स्थानिक प्रकल्पांच्या विजेवर शहराचा महत्त्वाचा भाग सुरू ठेवायचा, अशी ती योजना. ही व्यवस्था यापूर्वी अनेकदा उपयोगी पडली होती. त्या दिवशी मात्र शहराची मागणी आणि स्थानिक निर्मिती यांत इतकी तफावत होती की ‘बेट’ तग धरू शकले नाही.

या घटनेमागे सायबर हल्ला असल्याचा संशय राज्य सरकारने मार्च २०२१ मध्ये व्यक्त केला होता. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक हे कारण असल्याचे सांगितले. कारण कोणतेही धरले, तरी बिघाड पसरण्याची पद्धत तीच राहते.

बिघाड ‘पसरतो’ म्हणजे नेमके काय होते?

अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी बंद झाला, तेव्हाचे दिवस पश्चिम उपनगरांतील प्रवाशांना आठवत असतील. पूल बंद झाला म्हणून गाड्या कमी झाल्या नाहीत. त्या विलेपार्ले, अंधेरी भुयारी मार्ग आणि जोगेश्वरीकडे वळल्या. तिथले रस्ते आधीच भरलेले होते, त्यामुळे तेही तुंबले.

वीजवाहिन्यांचे असेच होते, फक्त दोन मोठे फरक आहेत. पहिला, विजेला वळण्यासाठी वेळ लागत नाही. एक वाहिनी बंद झाली की तिच्यातील प्रवाह क्षणार्धात उरलेल्या वाहिन्यांत विभागला जातो. कुठून किती जायचे हे कुणी ठरवत नाही, ते भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार घडते. दुसरा, रस्त्यावर गर्दी झाली तर गाड्या हळू चालतात, पण वाहिनीवर जास्त भार आला तर संरक्षक रिले तिला थेट बंद करतो. वाहिनी जळू नये म्हणून हे आवश्यकच असते. मात्र तिचा भार पुढच्या वाहिनीवर जातो, तीही मर्यादा ओलांडते आणि तिचा रिलेही चालतो.

प्रत्येक रिले आपापले उपकरण वाचवत असतो आणि त्याच वेळी संपूर्ण जाळे कोसळत असते. अभियंते याला ‘कॅस्केडिंग फेल्युअर’, म्हणजे साखळी बिघाड म्हणतात.

६० कोटी लोकांची वीज कशी गेली?

साखळी बिघाडाचे जगातील सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक भारतातच घडले. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची ग्रीड कोसळली. सुमारे ३६ हजार मेगावॉट भार बंद झाला. यंत्रणा सावरली आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रीड एकत्र गेल्या. या वेळी सुमारे ४८ हजार मेगावॉट भार बंद झाला आणि ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या राज्यांना फटका बसला.

दोन्ही दिवशी सुरुवात एकाच ठिकाणी झाली, मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवर. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणारा हा महत्त्वाचा दुवा. त्याच्या जोडीचे सर्किट क्षमतावाढीच्या कामासाठी बंद होते. त्या वर्षी उत्तरेत पाऊस कमी झाल्याने शेतीपंपांची मागणी वाढलेली होती, तर पश्चिमेकडील राज्ये ठरलेल्यापेक्षा कमी वीज घेत होती. उत्तरेतील राज्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. त्यांनी भार कमी करावा, अशा सूचना प्रादेशिक भार प्रेषण केंद्राकडून जात होत्या, पण त्यावर पुरेशी कारवाई झाली नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीच्या अहवालातील एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. वाहिनीवर झाड पडले नव्हते, तार तुटली नव्हती, शॉर्टसर्किटही नव्हते. वाहिनीवर भार इतका वाढला होता की रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्याने वाहिनी बंद केली. निरोगी वाहिनी केवळ गर्दीमुळे बाद झाली.

त्यानंतर वीज लांबच्या मार्गाने, पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे जाऊ लागली. तो ताण सहन न झाल्याने एकामागून एक दुवे तुटले. उत्तरेकडे मागणी जास्त आणि वीज कमी झाली. अशा वेळी फ्रिक्वेन्सी घसरते. भारतात ती ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. ती घसरू लागली की काही भागांचा पुरवठा आपोआप तोडणारे रिले बसवलेले असतात. ते पुरेसे चालले असते तर काही शहरांवर भारनियमन होऊन बाकीची ग्रीड वाचली असती. तसे झाले नाही.

परिणाम विजेपुरता राहिला नाही. शेकडो रेल्वेगाड्या वाटेत थांबल्या. दिल्ली मेट्रो बंद पडली. पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत लिफ्ट बंद पडल्याने सुमारे २०० कामगार जमिनीखाली अडकले. त्यांची नंतर सुखरूप सुटका झाली.

महाराष्ट्र तेव्हा कसा वाचला?

महाराष्ट्राचा समावेश असलेली पश्चिम ग्रीड त्या दोन्ही दिवशी इतरांपासून वेगळी झाली आणि टिकली. दक्षिणेकडील राज्यांची ग्रीड तर तेव्हा उर्वरित देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलेलीच नव्हती. ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने जोडली गेली आणि देशाची ग्रीड एक झाली.

इथे या विषयातला मुख्य पेच दिसतो. जोडणीमुळे फायदा होतो. एका राज्यात टंचाई असेल तर दुसऱ्या राज्यातून वीज आणता येते, राजस्थानातील सौर ऊर्जा महाराष्ट्रात वापरता येते, एखादा प्रकल्प अचानक बंद पडला तर इतर प्रकल्प त्याची जागा भरून काढतात. रोजच्या छोट्या बिघाडांपासून जोडणी वाचवते. पण मोठ्या बिघाडाला पसरायला वाटही तीच देते. म्हणून जोडायचे कसे, याइतकेच गरजेच्या वेळी तोडायचे कुठे, हेही आधी ठरवावे लागते.

इटलीतील अंधाराने काय शिकवले?

२८ सप्टेंबर २००३ ची पहाट. इटली आपल्या मागणीच्या सुमारे पाव हिस्सा वीज शेजारी देशांतून आयात करत होती. ३ वाजून १ मिनिटाने स्वित्झर्लंडमधील एक मोठी वाहिनी झाडाच्या संपर्कात येऊन बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिनीवर गेला. तारेवर जास्त भार आला की ती तापते, तापली की लांबते आणि खाली झुकते. दहा मिनिटांनी स्वित्झर्लंडमधून इटलीला फोन गेला, आयात ३०० मेगावॉटने कमी करा. इटलीने ती कमी केलीही, पण तेवढे पुरेसे नव्हते. ३ वाजून २५ मिनिटांनी दुसरी वाहिनीही झाडाला टेकली. त्यानंतर काही सेकंदांत इटलीकडे येणाऱ्या उरलेल्या वाहिन्या बंद झाल्या. अडीच मिनिटांत सार्डिनिया बेट वगळता जवळजवळ सगळा देश अंधारात होता. साडेपाच कोटींहून अधिक लोकांची वीज गेली.

दोन झाडे आणि मधली २४ मिनिटे. या घटनेच्या अभ्यासातून पुढे एक वेगळाच प्रश्न पुढे आला. वीज केंद्रांचे नियंत्रण संपर्काच्या जाळ्यावरून होते आणि संपर्काचे जाळे विजेवर चालते. वीज केंद्र बंद पडले की त्यावरचे संपर्क केंद्र बंद पडते, संपर्क गेला की नियंत्रण जाते आणि आणखी वीज केंद्रे अडचणीत येतात. मग एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन जाळ्यांचे गणित एका जाळ्यापेक्षा वेगळे असते का?

दोन जाळी एकत्र आली की गणित कसे बदलते?

सर्गेई बुल्दिरेव्ह, युजीन स्टॅन्ली, श्लोमो हॅवलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचे उत्तर मांडले. इटलीचा वीजपुरवठा आणि इंटरनेट यांचे उदाहरण त्यांनी घेतले होते.

समजा एकच मोठे जाळे आहे. त्यात प्रत्येक केंद्राला सरासरी चार जोडण्या आहेत आणि त्या यदृच्छया जुळलेल्या आहेत. आता एकेक केंद्र काढत जायचे. गणित सांगते की जवळपास ७५ टक्के केंद्रे काढेपर्यंत जाळ्याचा एक मोठा जोडलेला तुकडा शिल्लक राहतो. तो हळूहळू लहान होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. घसरण दिसते, वेळ मिळतो.

आता अशीच दोन जाळी घ्या. पहिल्यातील प्रत्येक केंद्र दुसऱ्यातील एका केंद्रावर अवलंबून आणि दुसऱ्यातील पहिल्यावर. पहिल्या जाळ्यात बिघाड झाला की दुसऱ्यातील जोडीदार बंद, त्यामुळे दुसऱ्या जाळ्याचे तुकडे, त्यामुळे पहिल्यातील आणखी केंद्रे बंद. चेंडू दोन भिंतींमध्ये आपटत राहावा तसा बिघाड पुढे-मागे जातो. या स्थितीत पहिल्या जाळ्यातील सुमारे ३९ टक्के केंद्रे गेली की दोन्ही जाळी कोसळतात. तीही हळूहळू नव्हे, तर एकदम. त्या टोकाच्या अगदी अलीकडे यंत्रणा चालू असते, पलीकडे काहीच उरत नाही.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अनपेक्षित होता. काही मोजक्या केंद्रांना भरपूर जोडण्या आणि बाकीच्यांना थोड्या, अशी रचना इंटरनेट किंवा विमानसेवांमध्ये दिसते. एकटे असताना असे जाळे यदृच्छया होणाऱ्या बिघाडांना चांगले तोंड देते, कारण बिघाड बहुतेकदा छोट्या केंद्रात होतो आणि मोठी केंद्रे जाळे एकत्र धरून ठेवतात. परंतु दोन जाळी परस्परांवर अवलंबून असतील तर हेच जाळे जास्त नाजूक ठरते. कारण एका जाळ्यातील बलाढ्य केंद्र दुसऱ्या जाळ्यातील एखाद्या क्षुल्लक केंद्राच्या भरवशावर असू शकते.

अर्थात ही गणिती प्रतिमाने आहेत. खऱ्या जगात प्रत्येक मोबाइल टॉवर एकाच उपकेंद्रावर अवलंबून नसतो, त्याला बॅटरी असते, काही ठिकाणी जनित्र असते. अवलंबित्व जितके कमी, तितका कोसळण्याचा धोका कमी, हेही याच प्रकारच्या संशोधनातून पुढे आले. उपायांची दिशा इथूनच मिळते.

टेक्सासमध्ये विजेने स्वतःचेच इंधन कसे तोडले?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली. हीटरमुळे मागणी वाढली आणि त्याच वेळी गोठल्यामुळे वीज प्रकल्प बंद पडू लागले. ग्रीड वाचवण्यासाठी यंत्रचालकांनी अनेक भागांचा पुरवठा तोडला.

टेक्सासमधील बरीच वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. हा वायू विहिरींतून काढून वाहिनीतून पुढे ढकलणारी अनेक यंत्रे विजेवर चालतात. यातील कित्येक ठिकाणांची नोंद ‘अत्यावश्यक ग्राहक’ म्हणून झालेलीच नव्हती. त्यामुळे भारनियमनात त्यांचीही वीज गेली. वीज नाही म्हणून वायू कमी, वायू कमी म्हणून वीज आणखी कमी, असे चक्र सुरू झाले. संपूर्ण ग्रीड कोसळण्यापासून राज्य ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते, असे नंतर स्पष्ट झाले. ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापनांची वीज गेली. पाणीपुरवठा यंत्रणाही कोलमडल्या आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. राज्याच्या आरोग्य विभागाने या आपत्तीतील मृतांची संख्या २४६ नोंदवली.

इथे तंत्रज्ञानाइतकाच दोष एका यादीचा होता. कोणाची वीज तोडायची नाही, ही यादी अपूर्ण होती.

आणि पुरात पाणीटंचाई?

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शहराभोवती पाणीच पाणी होते आणि नळाला मात्र पाणी नव्हते. कारण नदीतून पाणी उचलणारी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली होती. सुरक्षेसाठी वीज उपकेंद्रे बंद करावी लागली होती. पुणे-बेंगळूरु महामार्ग बंद झाल्याने टँकर, इंधन आणि मालवाहतूक अडली. पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. दूध संकलन थांबले आणि त्याचा परिणाम मुंबई-पुण्यातील पुरवठ्यापर्यंत पोहोचला. जुलै २०२१ च्या पुरात महामार्ग पुन्हा बंद पडला.

पूर, वीज, पाणी, रस्ता, इंधन, दूध. सहा वेगवेगळी खाती, सहा वेगवेगळे अधिकारी. पण साखळी एकच.

सॉफ्टवेअरमध्येही असेच होते का?

होते, आणि तिथे अंतराचाही अडसर नसतो. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राऊडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष अपडेट पाठवले. ते ७८ मिनिटांत मागे घेण्यात आले. तोपर्यंत विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. जगातील एकूण विंडोज यंत्रांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी होता. पण ती यंत्रे विमानतळ, रुग्णालये आणि बँकांतील होती. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन दुरुस्ती करावी लागल्याने काम दिवसेंदिवस चालले.

देशातील वित्तीय क्षेत्राला तुलनेने कमी झळ बसली. केवळ १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचणी आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाऊडवर नव्हत्या आणि हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँका थोड्या होत्या. सगळ्यांनी एकच वस्तू वापरली नाही, हेच संरक्षण ठरले.

दुसरे उदाहरण प्रत्येकाच्या खिशातले. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय व्यवहार देशभर अडखळले. त्या वेळी महिन्याला सुमारे १,८०० कोटी व्यवहार करणारी ही यंत्रणा. व्यवहार झाला की नाही, हे तपासणाऱ्या विनंत्यांचा महापूर यंत्रणेवर आल्याचे नंतर समोर आले. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांबाबतही पुन्हा पुन्हा विचारणा करत होत्या. यंत्रणा मंद झाली की उत्तर येत नाही, उत्तर आले नाही की पुन्हा विचारणा होते आणि त्यामुळे ती आणखी मंद होते. बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर जे विजेच्या भाराने झाले, तेच इथे विनंत्यांच्या भाराने झाले. त्यानंतर एनपीसीआयने अशा विचारणांवर मर्यादा आणल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक तपासता येते, हा त्याचाच भाग.

वीज गेल्यावर ती परत आणायला इतका वेळ का लागतो?

कोसळायला मिनिटे लागतात, उभारायला तास किंवा दिवस. याचे पहिले कारण म्हणजे कोळशावरील वीज प्रकल्प सुरू करायलाही वीज लागते. पाण्याचे पंप, हवेचे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या हे सगळे विजेवर चालते. त्यामुळे बाहेरच्या मदतीशिवाय सुरू होऊ शकणारे प्रकल्प, मुख्यतः जलविद्युत, आधी चालू करतात. त्यांची वीज इतर प्रकल्पांपर्यंत नेली जाते. याला ‘ब्लॅक स्टार्ट’ म्हणतात.

दुसरे कारण, निर्मिती आणि मागणी प्रत्येक क्षणी जुळवावी लागते. म्हणून शहराचा थोडा भाग, मग थोडी निर्मिती, मग आणखी एक भाग, असे टप्प्याटप्प्याने जोडावे लागते. घाई झाली तर सगळे पुन्हा कोसळते. तिसरे कारण, या सगळ्यासाठी अभियंत्यांचा एकमेकांशी संपर्क लागतो आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात.

उपाय काय?

पहिला उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. कोणतीही एक वाहिनी किंवा एक जनित्र अचानक गेले तरी यंत्रणा चालू राहिली पाहिजे. आणि एक गेल्यावर दुसरे जाण्याची वाट न पाहता भार ताबडतोब कमी केला पाहिजे. इटलीतील २४ मिनिटांत नेमके हेच राहून गेले. दुरुस्तीसाठी जोडीचे सर्किट बंद असते तेव्हा हा नियम सर्वांत महत्त्वाचा ठरतो, हे मुंबई आणि बिना-ग्वाल्हेर या दोन्ही प्रसंगांतून दिसते.

दुसरा उपाय पर्यायी दारांचा. २०२० नंतर मुंबईच्या पारेषण क्षमतेला वेग आला. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. कुडूस ते आरे ही एक हजार मेगावॉट क्षमतेची उच्चदाब डीसी वाहिनीही हाती घेण्यात आली.

तिसरा, वेळेवर तोडण्याचा. आयलँडिंग आणि फ्रिक्वेन्सीवर चालणारे रिले कागदावर असून चालत नाहीत. शहराची मागणी दरवर्षी वाढते, त्या प्रमाणात स्थानिक निर्मिती आणि तोडायच्या भागांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

चौथा, आणि सर्वांत दुर्लक्षित, खात्यांच्या सीमेवरचा. वीज कंपनीला आपल्या वाहिन्यांची माहिती असते, महापालिकेला पंपांची, दूरसंचार कंपनीला टॉवरची, रुग्णालयाला जनित्राची. पण कोणता पंप कोणत्या उपकेंद्रावर चालतो, त्या उपकेंद्राची पूररेषा कोणती, जनित्राचे डिझेल संपले तर टँकर कोणत्या रस्त्याने येणार, याची उत्तरे एकाच टेबलावर क्वचित येतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईतील रुग्णालयांसाठी किमान आठ तास पुरेल इतक्या डिझेलची सोय करण्याच्या सूचना वीज गेल्यानंतर द्याव्या लागल्या. टेक्सासची अपूर्ण यादी आणि कोल्हापूरची बुडालेली उपसा केंद्रे याच वर्गातील त्रुटी आहेत. त्या दुरुस्त करायला नव्या वाहिनीइतका खर्च येत नाही.

नागरिकांनी काय करावे?

• वीज गेल्यावर एसी, गीझर, इस्त्री यांची बटणे बंद करा. वीज परतताना सगळ्या घरांचा भार एकदम आला तर पुरवठा पुन्हा खंडित होऊ शकतो.

• मोठा बिघाड असेल तर फोन करण्याऐवजी एसएमएस पाठवा. नेटवर्कवरचा ताण कमी होतो आणि बॅटरीही वाचते. पॉवर बँक भरलेली ठेवा.

• यूपीआय व्यवहार अडकला तर लगेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. घरात दोन-तीन दिवस पुरेल इतकी रोख ठेवा.

• उंच इमारतींत पाणी पंपावर अवलंबून असते. पिण्याचे पाणी साठवलेले असू द्या.

• घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे उपकरण लागणारा रुग्ण असेल तर इन्व्हर्टर किंवा सिलिंडर किती तास चालतो, हे आधी तपासा.

• सोसायटीचे जनित्र आणि लिफ्टची बचाव यंत्रणा महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भारावर चालवून पाहा. जनित्र तळघरात असेल तर पुराचे पाणी तिथे पोहोचते का, हा प्रश्न सोसायटीच्या पुढच्याच बैठकीत घ्या.